मेलेल्याचं ताट

थेक्ला हुडाकच्या जिभेला हाड नव्हतं, आणि मर्सर पॅचवर हा कोणी दोष मानत नसे. दर गुरुवारी चर्चच्या तळघरात बायका पिरोही वळायला बसत. बटाटा आणि चीज भरायचं, कडा चिमटीत दाबायच्या, शुक्रवारी विकायच्या. तेव्हा थेक्लाच्या शेजारच्या खुर्चीसाठी चढाओढ लागे. दुसऱ्याची सालं निघताना ऐकायला कोणाला नको असतं? आपली पाळी आली म्हणजे तेवढी बाई कडू वाटायची.

पॅच म्हणजे खाणमालकाने कधीकाळी मजुरांसाठी बांधलेली लाकडी घरांची रांग. खाण मेली, मालक गेला, रांग राहिली. थेक्ला शाळेच्या खानावळीत पोरांना वाढून वाढून निवृत्त झाली. नवरा वासिल खाणीतला. छातीत कोळशाची धूळ साठून तो गेला. मूलबाळ नव्हतं. वासिलमागे तिच्याकडे दोन गोष्टी उरल्या, एक त्याचा कातडी पट्टा आणि दुसरी सहा नंबरच्या बोगद्यातली वटवाघळं. तिसरा उरला तो दीर, मायरन, पण त्याला ती धरत नसे.

पट्टा चांगला चार बोटं रुंद होता. त्याला कपाळावरच्या दिव्याची बॅटरी लटकवायची. खाणीत उतरणाऱ्याच्या पट्ट्याला पाणी लावायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज. शर्ट धुवा, विजार धुवा, माणसाला टबात बसवून घासून काढा, पट्टा मात्र कोरडा राहिला पाहिजे. पाणी लागलं की त्यातली राखण निघून जाते आणि छप्पर डोक्यावर येतं, असं थेक्लाला सासूने सांगितलेलं, सासूला तिच्या सासूने. वासिलच्या डोक्यावर छप्पर कधीच आलं नाही. त्याला छातीने मारलं, आणि छातीचा दोष पट्ट्याला लावता येत नाही.

सहा नंबरचा बोगदा बंद पडून जमाना झाला होता. पानगळ सुरू झाली की वटवाघळं त्यात शिरत आणि हिवाळाभर उलटी टांगून झोपत. "ही टांगतात तिथलं छप्पर पक्कं," असं म्हणून वासिलनेच तिला पहिल्यांदा आत नेलं होतं. तो गेल्यावर राज्याच्या वन्यजीव खात्याला गणतीसाठी माणूस हवं होतं. थेक्ला उभी राहिली. गणती एक हिवाळा सोडून व्हायची, कारण माणसाच्या श्वासाच्या उबेनेही वटवाघूळ जागं होतं, आणि जागं झालं की अंगातली चरबी जाळतं. तीच तर त्याची हिवाळ्याची शिदोरी. थेक्ला पंजा पसरून झुपक्यासमोर धरायची, पंज्याआड किती जीव मावतात ते तिला पाठ होतं, आणि असे पंजे मोजत ती बोगद्याच्या टोकाला जायची. टोकाशी छप्पर खाली आलेलं होतं. तिथे कमरेचा पट्टा काढून पुढे सरकवायचा, पोटावर सरपटायचं, की पलीकडे मागची खोली. सगळ्यात दाट झुपके तिथे. शेवटच्या गणतीत आकडा अकरा हजारांवर गेला होता, आणि थेक्लाने तो सबंध पॅचला स्वतःच्या पोरांच्या मार्कांसारखा ऐकवला होता.

मग उत्तरेकडून, न्यूयॉर्क राज्यातून बातमी आली. तिथल्या गुहांत वटवाघळांच्या नाकावर पांढरी बुरशी धरत होती. ती त्यांना झोपू देत नाही. जीव पुन्हापुन्हा जागा होतो, चरबी संपते, आणि भुकेला होऊन तो भर हिवाळ्यात दिवसाढवळ्या किडे शोधायला बर्फात उडतो. बर्फात किडे नसतात.

खात्याची वटवाघळांची तज्ज्ञ होती रेनर, सडपातळ, तरुण, बारा महिने नाक चोंदलेली. तिकडच्या एका गुहेत मोजायला सरावलेली माणसं कमी पडत होती. तिने विचारलं आणि थेक्ला तिच्याबरोबर गेली. गुहेच्या जमिनीवर मेलेल्यांचा थर होता, पाय टाकायला मोकळी जागा नव्हती. थेक्लाने पंजा धरला तर पंज्याआड भिंतच दिसली. एका अरुंद फटीतून जाताना तिने सवयीने पट्टा काढला आणि त्या थरावरून पुढे सरकवला. एक वटवाघूळ उबेसाठी तिच्या बाहीवर चढलं. ते तिने सोडवून परत गार दगडावर ठेवलं, कारण नियम तसा होता.

बाहेर आल्यावर रेनर सगळ्यांना म्हणाली, "आज अंगावर होतं ते सगळं जाळा. बूट, हातमोजे, दोऱ्या, काही ठेवू नका. धुवून भागत नाही. यातली एक वस्तूसुद्धा दुसऱ्या बोगद्यात जाता कामा नये."

थेक्लाने मान हलवली. घरी जाऊन जाळायचं म्हणून बूट आणि ओव्हरऑल पिशवीत घट्ट बांधून घेतले.

बसथांब्यावर तिला घ्यायला मायरन आला. वय पन्नाशीचं, लग्न नाही, पोट ट्रकच्या स्टिअरिंगला टेकलेलं. मिळेल ते काम करायचा, भंगार विकायचा. त्या पानगळीत तोही न्यूयॉर्कच्या एका दगडखाणीत मजुरी करून आला होता.

"वहिनी, वास मारतेय तू."

"मेलेल्यांचा आहे. तुला जिवंतपणी येतो त्यापेक्षा बरा."

तो हसला. मग तिच्या कमरेकडे बघून म्हणाला, "दादाचा पट्टा नेला होतास?"

"मग काय तुझा नेऊ? तुझ्या पट्ट्यात दोन थेक्ला मावतील आणि वर एक बोकड."

घरामागे तेलाच्या रिकाम्या पिंपात तिने सगळं जाळलं. बूट नवे होते, तेही. ओव्हरऑल, हातमोजे, टोपी. मायरन काठीने निखारे ढवळत उभा होता. पट्टा तिने स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगला. तोही जाळायच्या सामानात धरायचा असतो, हे तिच्या डोक्यातही आलं नाही.

तो हिवाळा गणतीचा नव्हता. पण थेक्लाच्या डोळ्यांपुढून गुहेतली ती जमीन हलेना. बर्फ वितळायच्या आत, रेनरला न सांगता, ती सहा नंबरमध्ये गेली. नुसती बघायला. नवे बूट, नवे हातमोजे, नवी टोपी, सगळं दुकानातून आणलेलं, आणि कमरेला पट्टा, कारण दिव्याची बॅटरी दुसऱ्या कशाला लावायची? आत सगळं जिथल्या तिथे होतं. केसांवर दव धरून झुपके शांत झोपले होते. टोकाशी तिने पट्टा काढला, पुढे सरकवला, मागच्या खोलीत गेली. तिथेही नाकं काळी, स्वच्छ. थेक्ला तिथे बसून रडली. आनंदाने रडायची तिची आयुष्यातली ती शेवटची खेप.

पुढच्या हिवाळ्यात वटवाघळं दिवसा उडू लागली. ती बर्फात पडली, ओट्यांवर पडली, चर्चच्या पायऱ्यांवर तोंड वासून पडली. कोणाच्या कुत्र्याने एक खाल्लं, कोणाच्या नातीने एक उचललं आणि तिला रेबीजची इंजेक्शनं घ्यावी लागली. पॅच चिडला. चिडलेल्या माणसांना बुरशी पुरत नाही, त्यांना माणूस लागतो.

माणूस थेक्लाने दिला. रेनरबरोबर ती गणतीला गेली, या वेळी दोघींच्या अंगावर खात्याचे कागदी झगे, खात्याचे दिवे, सगळं एकदा वापरून फेकायचं. मागच्या खोलीत सर्वांत वाईट अवस्था होती, रोग तिथूनच पसरल्यासारखा दिसत होता. आणि परत येताना, बोगद्याच्या तोंडाशी, थेक्लाला सिगारेटचं रिकामं पाकीट सापडलं. त्याच्या बुडाला न्यूयॉर्कच्या कराचा शिक्का होता.

गुरुवारी तिने ते पिठाच्या टेबलावर मधोमध ठेवलं.

"हे कोणाचं, सांगायला नकोच," ती म्हणाली. "तिकडच्या दगडखाणीतली घाण बुटाला लावून आला आणि माझ्या पोरांच्यात शिरला. बोगद्यातली जुनी तांब्याची तार भंगारात विकायला! अकरा हजार जीव, आणि तार किती निघाली, तर ह्याच्या दारूपुरती."

तळघराची कारभारीण ओल्गा सेमांचिक, वयाने सगळ्यांत मोठी, चिमटी थांबवून म्हणाली, "तरीच. माझ्या डोळ्यात तो पोरगा लहानपणापासूनच खुपायचा."

संध्याकाळपर्यंत पॅचभर झालं. बंबवाल्यांच्या हॉलमधल्या बारमध्ये मायरन शिरला तेव्हा गडी गप्प झाले. त्याने सगळ्यांसमोर शर्ट वर केला.

"अरे, हे पोट बघा! तार काढायला गेलो होतो, कबूल. तोंडाशीच होती. रोग निघाला मागच्या खोलीत. ह्या पोटाने मी त्या भोकातून गेलो असतो? गेलो असतो तर अजून तिथेच अडकून असतो, तुम्ही बंब लावून ओढत बसला असता!"

सगळे खदखदून हसले. हसून झाल्यावर त्याला कोणी बिअर ओतली नाही.

त्याच्या टपालपेटीत मेलेली वटवाघळं निघू लागली. ट्रकच्या सीटवर निघाली. गटारं साफ करायला, जिन्याची फळी ठोकायला जी घरं त्याला बोलवत ती शेजारच्या गावातून माणूस आणू लागली. पोरं त्याला न्यूयॉर्कचा साहेब म्हणत. थेक्लाला हे सगळं कळत होतं आणि बरं वाटत होतं. खोटं कशाला बोला, चांगलंच बरं वाटत होतं. रडण्यापेक्षा शिव्या देणं तिला कायमच सोपं गेलं.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे वेलिया असते. टेबलावर चादरीखाली गवत पसरायचं, लसूण मधात बुडवून खायचा, मांस नाही, आणि एक ताट जास्तीचं मांडायचं. ते घरातल्या मेलेल्याचं, नाहीतर दारी येईल त्याचं. त्या रात्री दारातून कोणाला परत धाडत नाहीत. दर वर्षी थेक्लाकडे मायरन जेवायला असे. त्या वर्षी तिने ओल्गाला बोलावलं.

मायरन न बोलावता आला. गळ्यात टाय, हातात बाटली.

"वहिनी, बाहेर थंडी आहे गं."

"आत त्याहून जास्त आहे."

ओल्गा मान खाली घालून लसूण सोलत राहिली. मायरनने टेबलाकडे बोट केलं. "जागा आहे की."

"ती मेलेल्याची आहे. तू मेलास की ये."

तो उभाच राहिला. बराच वेळ बाटलीचं बूच चाचपत होता. मग खिळ्याकडे बघून म्हणाला, "वहिनी, एक विचारू? भांडायला नाही विचारत. त्या दिवशी पिंपात सगळं जाळलंस. दादाचा पट्टा जाळलास का?"

थेक्लाने त्याच्या तोंडावर दार आपटलं.

"ऐकलंस?" ती ओल्गाला म्हणाली. "भावाचा पट्टा जाळ म्हणतो! सख्ख्या भावाचा!"

ओल्गाने छातीवर क्रूस काढला. रविवारी चर्च सुटेपर्यंत ही गोष्टही सगळ्यांना कळली होती, आणि मायरनच्या पापांत एकाची भर पडली. बर्फ वितळायच्या आत तो ओहायोला चुलतभावाकडे निघून गेला. तिथे एका गोदामात खोकी उचलायचं काम त्याला मिळालं. त्याला निरोप द्यायला कोणी गेलं नाही.

मधला एक हिवाळा सोडून पुढची गणती झाली. थेक्लाला पंजा पसरावाच लागला नाही. एकेक करून मोजलं, बोट दाखवून, टोकापर्यंत. एकतीस. रेनरने आकडा दोनदा विचारला, आणि दोन्ही वेळा थेक्लाने तो मोठ्याने सांगितला.

नंतर रेनर कॉफीला घरी आली. इतक्या वर्षांत ती स्वयंपाकघरात पहिल्यांदाच बसत होती. तिची नजर खिळ्यावर गेली.

"हा तुमच्या यजमानांचा का, हुडाकबाई?"

"त्याचाच. न्यूयॉर्कच्या गुहेत हाच होता माझ्या कमरेला." थेक्लाने पट्ट्यावरून हात फिरवला. "आमच्याकडे ह्याला पाणी लावत नाहीत. बनला त्या दिवसापासून कोरडा आहे बघ."

रेनरने कप खाली ठेवला. थोड्या वेळाने तिने गाडीतून कापसाच्या काड्या आणि पिशव्या आणल्या आणि हळू आवाजात विचारलं, पट्टा पुसून नमुना घेऊ का. थेक्ला म्हणाली, घे की. तिला वाटलं, शास्त्राच्या कामी वासिलचा पट्टा येतोय, मान आहे.

निकाल सांगायला रेनर स्वतः आली. कोट न काढता बसली.

"आहे," ती म्हणाली. "शिवणीत. तीच बुरशी. तो त्यानंतर कुठे नेला होता?"

"कुठेच नाही. तू खात्याचे दिवे दिलेस तेव्हापासून खिळ्यालाच. त्याच्या आधी एकदा फक्त सहा नंबरला. एकदाच. तेव्हा सगळी धडधाकट होती, मी डोळ्यांनी..."

तिने मान वळवून खिळ्यावरच्या पट्ट्याकडे बघितलं. रेनर घाईघाईने म्हणाली, "ऐका, याने काही सिद्ध होत नाही. वटवाघळं स्वतःही आणतात. आज ना उद्या ते इथे पोचलंच असतं."

"मायरनच्या बुटांना होतं का?"

"त्यांचे बूट आम्ही तपासले नाहीत."

"का नाही?"

"तुमची खात्री होती," रेनर म्हणाली, आणि नाक पुसलं. तिला वाईट वाटत होतं, पण थेक्लाला उपयोग होण्यासारखं तिच्याकडे काही नव्हतं. जाताना तिने पट्टा जाड पिशवीत घालून बंद केला. न्यायचा का, असं विचारलं. थेक्लाने ने म्हणून नुसता हात हलवला. खिळा भिंतीत तसाच राहिला.

आता करायचं एकच होतं. ओहायोला फोन लावायचा, आणि मग गुरुवारी तळघरात तोंड उघडायचं. जगाला तोंडावर सुनावणारी ही बाई फोनसमोर बसायची आणि उठायची. आज सर्दी आहे, उद्या करू. ईस्टर होऊ दे, मग करू. आधी त्याला सांगू की आधी बायकांना, यातच तिचे आठवडे गेले. तिला मायरनची शिवी ऐकायची तयारी होती. तो "असू दे गं वहिनी" म्हणाला तर काय करायचं, हे मात्र तिला सुचत नव्हतं.

फोन ओहायोहूनच आला. मायरन गोदामात खोकं उचलताना बसला तो उठलाच नाही. हृदय.

त्याला दफनभूमीतल्या हुडाकांच्या जागेत पुरायला आणलं. शवपेटी रुंद मागवावी लागली, यावर कबरीपाशी दोघे हसले. नंतर रिवाजाप्रमाणे तळघरात जेवण. सगळा पॅच आला होता, मेलेल्या माणसावर राग धरायचा नसतो, आणि जेवण ओल्गाच्या हातचं होतं. थेक्ला उभी राहिली. चमचा पेल्यावर वाजवला.

"मी खोटं बोलले," ती म्हणाली. "रोग मायरनने आणला नाही. मी आणला. वासिलच्या पट्ट्यावरून. न्यूयॉर्कच्या गुहेतून तो मी तसाच सहा नंबरमध्ये नेला. खात्याने तपासलं, शिवणीत सापडलं. मायरनचा ह्यात काडीचा संबंध नव्हता. त्याने मला विचारलं होतं, आणि मी त्याच्या तोंडावर दार लावलं."

मग ओल्गा उठली, टेबलाला वळसा घालून आली आणि तिला छातीशी धरलं.

"बस गं. बस. खूप सोसलंस."

"ओल्गा, मी खरं सांगतेय. पट्ट्यावर होतं ते!"

"असणारच. त्यानेच हात लावला असेल मेल्याने. तुझ्या घरात काय कमी ये-जा होती त्याची?"

"दिराचं पाप अंगावर घेतेय," पलीकडच्या टेबलावर कोणीतरी डोळे पुसत म्हणालं. "वरून कितीही तिखट असो, काळीज बघा."

"अहो, त्याचं पोट!" थेक्ला ओरडली. "तसल्या पोटाने तो त्या भोकातून गेला असता का? सांगा ना!"

पोट म्हटल्यावर सगळ्यांना तो शर्ट वर केलेला मायरन आठवला. आधी एक हसला, मग दुसरा, मग सगळं तळघर हसलं. हसण्यात वाईट काही नव्हतं, मायेनेच हसले. "होता मात्र गमत्या," कोणीतरी म्हणालं, आणि पिरोहीचं भांडं पुढे सरकलं. पुढच्या रविवारी फादरनी प्रवचनात क्षमा म्हणजे काय ते सांगताना थेक्लाचं नाव घेतलं. तिच्या शेजारच्या खुर्चीसाठी पहिल्यापेक्षा जास्त चढाओढ लागली. ती मात्र आता कोणाची सालं काढत नसे, आणि बायकांना वाटे, संत झाली.

वेलियाला ओल्गा आली तेव्हा गवत पसरलं होतं, चादर घातली होती, रिकामं ताट मांडलेलं होतं.

"वासिलचं ना?"

"नाही. वासिलला आज जागा नाही," थेक्ला म्हणाली. "हे मायरनचं. मेलास की ये, म्हटलं होतं मी त्याला."

ओल्गाचे डोळे भरले. "किती मोठं मन गं तुझं."

थेक्लाने ताटात मायरनला लागत तेवढ्या पिरोही वाढल्या, वर तुपात परतलेला कांदा घातला, आणि उठून बाहेरचं दार सताड उघडलं. बर्फ उंबऱ्यापर्यंत आलं होतं. घर गार पडत गेलं, ताटातलं तूप थिजलं. ओल्गाने कोट अंगावर ओढून घेतला, पण दार लाव म्हणाली नाही.